वेबची पहिली कामगिरी: टेलिफोन डिरेक्टरी

१९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेब लोकांच्या हाती आलं, तेव्हा तिथल्या माणसांनी ते सगळ्यात आधी कशासाठी उचललं असेल? सहकाऱ्यांचे फोन नंबर शोधायला. सर्नची टेलिफोन डिरेक्टरी तेव्हा एका आयबीएम मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या मोठ्या कॉम्प्युटरवर होती. नंबर हवा असेल तर आधी मेनफ्रेमवर लॉगिन करायचं, तिथल्या कमांड आठवायच्या, नाव टाकायचं, नंबर कागदावर उतरवायचा आणि बाहेर पडायचं. कित्येकजण आपल्या कॉम्प्युटरवर एक खिडकी मेनफ्रेमसाठी दिवसभर उघडीच ठेवत, केवळ नंबर बघता यावेत म्हणून. बर्न्ड पोलरमन हे त्या मेनफ्रेमवरची माहिती सांभाळत. त्यांनी ती वेबला जोडून दिली आणि ज्यांना हायपरटेक्स्ट, म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेला मजकूर, वगैरेशी काही देणंघेणं नव्हतं, असे लोकही वेब वापरायला लागले.

ही हकिकत मला फार आवडते. मी दादरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाचकाला काय हवंय आणि ते त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये काय अडतंय, हाच आमचा रोजचा विषय. दरवर्षी नवी मुलं आली की ग्रंथालयाची ओळख करून द्यायचा एक तास माझ्याकडे असतो. त्या तासाला मी वेबचा जन्म सांगते, कारण मुलांच्या नोट्समध्ये त्यावर एकच ओळ असते: वेबचा शोध टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली लावला. ओळ खरी आहे. पण त्या ओळीत न मावलेल्या माणसांपैकी दोघीजणी मला सगळ्यात जवळच्या वाटतात. त्यातली एक विद्यार्थिनी होती आणि दुसरी ग्रंथपाल. आज त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलंय.

पण आधी बर्नर्स-लींना नेमकं काय खुपत होतं ते सांगायला हवं. १९८० साली ते सर्नमध्ये सहा महिन्यांच्या कामावर आले होते. कोणता माणूस कोणत्या प्रोग्रॅमवर काम करतो, तो प्रोग्रॅम कुठल्या यंत्रावर चालतो, कशाचा कशाशी संबंध आहे, हे लक्षात राहीना म्हणून त्यांनी स्वतःपुरता ‘एन्क्वायर’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाता यायचं. काम संपल्यावर ते निघून गेले, पुढे परत आले आणि मार्च १९८९ मध्ये त्यांनी वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवलं. त्यातली मुख्य तक्रार अशी: इथे हजारो माणसं काम करतात, माणूस साधारण दोन वर्षं राहतो आणि जातो, आणि त्याच्याबरोबर त्याला ठाऊक असलेलं सगळं जातं. नवीन आलेल्याला पुन्हा पहिल्यापासून विचारत बसावं लागतं. माहिती कुठेतरी नोंदलेली असते, पण सापडत नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे मामा आठवले. ते शिपाई म्हणून लागले आणि जवळजवळ सगळी नोकरी ग्रंथालयातच झाली. दाखल नोंदवहीत जे पुस्तक ‘आहे’ असं दिसायचं पण कपाटात मिळायचं नाही, ते मामा जाऊन काढून आणायचे. बांधणी केलेली जुनी नियतकालिकं कुठल्या माळ्यावर, कुठल्या गठ्ठ्यात, हे फक्त त्यांना माहीत. ते निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही किती वाचकांना ‘नाही’ म्हणून परत पाठवलं असेल! बर्नर्स-लींचं टिपण हे सर्नमधल्या अशा सगळ्या मामांबद्दल आहे, असं मला वाटतं. त्यांचे वरिष्ठ माईक सेंडल यांनी त्या टिपणाच्या पहिल्या पानावर शेरा मारला: धूसर, पण रोमांचक. मंजुरी नव्हती ती, पण कागद केराच्या टोपलीतही गेला नाही.

एका कागदातून दुसऱ्या कागदाकडे उडी मारायची कल्पना काही बर्नर्स-लींची नव्हती. व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ साली एका लेखात अशा यंत्राचं चित्र रंगवलं होतं. टेड नेल्सन यांनी १९६५ साली हायपरटेक्स्ट हे नाव दिलं. डग एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊससकट ते सगळं चालवून दाखवलं. ही मोठी माणसं, आणि त्यांची स्वप्नं वेबपेक्षा मोठी होती. नेल्सन यांना तर दोन्ही बाजूंनी जोडलेले आणि कधीच न तुटणारे दुवे हवे होते.

बर्नर्स-लींनी इथेच वेगळा निर्णय घेतला आणि त्यावर मी बरीच वर्षं विचार केलाय. त्यांनी दुवा एकतर्फी ठेवला. मी माझ्या पानावरून तुमच्या पानाकडे बोट दाखवू शकते; त्यासाठी तुमची परवानगी नको, कुठल्या मध्यवर्ती नोंदवहीत नाव घालायला नको. तुम्ही उद्या ते पान काढून टाकलंत तर माझा दुवा तुटेल, इतकंच. ग्रंथपालाला हे पटायला जड जातं. आमच्या कार्डांच्या खणात ‘अमुक विषय पाहा’ असं लिहिलेलं कार्ड असेल आणि ‘अमुक’चं कार्डच नसेल, तर ते काम करणाऱ्याची खरडपट्टी निघायची. पण सगळे दुवे शाबूत राहावेत असा हट्ट धरला असता, तर प्रत्येक नव्या पानासाठी कुणाकडे तरी अर्ज करावा लागला असता. तुटलेला दुवा चालवून घेतल्यामुळे कुणीही, कुठेही, न विचारता पान टाकू शकलं. हायपरटेक्स्टच्या तज्ज्ञांनाही ते पटलं नसावं. डिसेंबर १९९१ मध्ये सॅन अँटोनियोला त्यांची परिषद भरली, तेव्हा वेबवरचा निबंध नाकारला गेला आणि बर्नर्स-ली व त्यांचे बेल्जियन सहकारी रॉबर्ट कायो यांना फक्त प्रात्यक्षिक मांडायची परवानगी मिळाली.

आता त्या विद्यार्थिनीकडे येते.

१९९०च्या सप्टेंबरात सेंडल यांनी बर्नर्स-लींना नेक्स्ट कंपनीचा एक कॉम्प्युटर घेऊ दिला. काळा, देखणा आणि महागडा. त्यावर वर्षअखेरपर्यंत पहिला ब्राऊझर आणि पहिला सर्व्हर दोन्ही तयार झाले. पान लिहायची भाषा म्हणजे एचटीएमएल, पान मागवायची रीत म्हणजे एचटीटीपी आणि पानाचा पत्ता म्हणजे यूआरएल, या तिन्ही गोष्टी तिथल्याच. त्या यंत्रावर एक लेबल चिकटवलेलं होतं आणि त्यावर लाल शाईने लिहिलं होतं की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. तो पहिला ब्राऊझर सुंदर होता. त्यात पान नुसतं वाचता येत नव्हतं, तिथल्या तिथे लिहिता आणि बदलताही येत होतं. पण तो चालायचा फक्त नेक्स्टवर, आणि नेक्स्ट किती जणांच्या टेबलावर असणार? सर्नमध्येच आयबीएम, व्हॅक्स, युनिक्स, मॅक, पीसी असा सगळा मेळा होता. कितीतरी ठिकाणी नुसतं टर्मिनल, म्हणजे दुसरीकडच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड.

निकोला पेलो तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टर पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकत होत्या आणि प्रशिक्षणासाठी सर्नमध्ये आल्या होत्या. नोव्हेंबर १९९० मध्ये त्या या कामात दाखल झाल्या. त्यांच्याकडे आलेलं काम असं: कुठल्याही यंत्रावर चालेल असा ब्राऊझर लिहायचा. सगळ्यात साधं, सगळ्यात जुनं टर्मिनल गृहीत धरायचं. माऊस नाही, रंग नाही, पडद्यावर कर्सर इकडेतिकडे नेता येत नाही, फक्त एकामागून एक ओळ छापता येते, इतकं साधं.

पेलोंनी लिहिलेला लाइन मोड ब्राऊझर असा चालायचा: पानाचा मजकूर ओळीओळीने येतो. जिथे दुवा आहे तिथे चौकटी कंसात आकडा, १, २, ३. खाली प्रोग्रॅम विचारतो, कितवा? तुम्ही आकडा टाइप करता, एंटर दाबता, पुढचं पान येतं. पडद्याऐवजी कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपवरसुद्धा तो चालला असता. तो सी भाषेत लिहिला होता, त्यामुळे एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणं सोपं होतं. १९९१च्या मार्चमध्ये तो सर्नमधल्या लोकांना मिळाला, आणि तेव्हा कुठे पोलरमन यांची डिरेक्टरी नेक्स्ट नसलेल्या माणसाला वेबवरून उघडता आली. ऑगस्ट १९९१ मध्ये सर्नबाहेर वेबची घोषणा झाल्यावर ज्याच्याकडे ब्राऊझरच नाही, त्यालाही टेलनेटने सर्नच्या यंत्राला जोडून घेऊन हाच ब्राऊझर वापरता यायचा. पासवर्डची गरज नव्हती.

मला विचाराल तर ‘वर्ल्ड वाइड’ हे शब्द त्या दिवसापासून खरे झाले. नेक्स्टवरचा ब्राऊझर पाहून लोक थक्क व्हायचे. पेलोंचा ब्राऊझर लोकांना वापरता यायचा. आणि तो लिहिताना त्यांचं शिक्षणही पूर्ण व्हायचं होतं! १९९१च्या ऑगस्टअखेर त्या परत गेल्या, पदवी घेऊन १९९२ मध्ये पुन्हा सर्नला आल्या आणि कायोंबरोबर मॅकसाठीचा पहिला ब्राऊझर केला. पुढे मुलांना शिकवताना मी हे नेहमी सांगते, विशेषतः ‘आम्ही काय, अजून शिकतोय’ म्हणणाऱ्या मुलींना.

पेलोंबद्दल मला इतकं का वाटतं, याचं एक कारण मुंबईतलं आहे. आपल्या शहरात नेटवर्कची सुरुवात तशी आधीच झाली होती. ऐंशीच्या दशकात जुहूची एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेल जायला लागली होती, अर्नेट नावाच्या सरकारी प्रकल्पातून. पण ते संशोधकांपुरतं होतं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. चित्रांसकट वेब दाखवणारं कनेक्शन घरच्या माणसाला वर्षाला हजारो रुपयांना पडायचं. शेल अकाउंट, म्हणजे नुसता मजकूर दाखवणारं कनेक्शन, त्या मानाने स्वस्त. विद्यार्थ्यांना तर फारच सवलतीत. आमच्या कॉलेजने शेल अकाउंट घेतलं. त्याचा फॉर्म आणायला मी फोर्टला विदेश संचार भवनात गेले होते, ती उंच इमारत हुतात्मा चौकातून दिसते. तेव्हाच्या ईमेल पत्त्यातला ‘जीआयएएसबीएम०१’ हा भाग ज्यांनी वापरला त्यांना अजून तोंडपाठ असेल.

शेल अकाउंटमध्ये दिसायचा तो काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. वेबसाठी लिंक्स नावाचा ब्राऊझर होता, कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला. बाणांच्या कळा दाबत एका दुव्यावरून दुसऱ्यावर जायचं. पानावर चित्र असेल तिथे कंसात नुसतं ‘इमेज’ असं लिहून यायचं. मोडेम संथ होता, पण नुसता मजकूर यायला कितीसा वेळ लागणार? जगात तोपर्यंत लोक नेटस्केपमध्ये रंगीत पानं बघत होते, आणि तीच पानं दादरला आमच्या काळ्या पडद्यावर मुकाट उघडत होती, अक्षर न् अक्षर वाचता येत होती. वेबचं पान सगळ्यात गरीब टर्मिनलवरही वाचता आलंच पाहिजे, ही अट १९९१ साली पेलोंच्या ब्राऊझरने प्रत्यक्षात आणून दाखवली होती. ती नसती तर आमच्यासारख्यांची पाळी कितीतरी उशिरा आली असती.

आमच्या फिजिक्स विभागात एक सर होते. कलिन्याला पीएचडीसाठी नोंदणी केलेली, दिवसभर तास, संध्याकाळी अभ्यास. त्यांना संदर्भ हवे असले की दादरहून व्हीटी, तिथून बस पकडून कुलाब्याला नेव्ही नगर, टीआयएफआरच्या ग्रंथालयात. तिथे पोचेपर्यंत अर्धा दिवस गेलेला. एक दिवस मी त्यांना म्हटलं, ‘सर, जरा बसा, लेखकाचं नाव सांगा.’ लिंक्समधून स्लॅक प्रयोगशाळेच्या स्पायर्स नावाच्या निबंधसूचीत शिरले आणि नाव टाकलं. त्या लेखकाचे निबंध, वर्षं, आणि ते पुढे कुणीकुणी उद्धृत केले, सगळी यादी पडद्यावर आली. सर खुर्ची पुढे ओढून वाचत बसले. मग म्हणाले, ‘मॅडम, हे आपण छापून घेऊ शकतो का?’ डॉट मॅट्रिक्सवर छापून दिलं. नेव्ही नगरच्या फेऱ्या संपल्या असं नाही, पूर्ण निबंधासाठी जावं लागायचंच. पण आता ते जाताना हातात यादी घेऊन जायचे.

ती यादी ज्यांच्यामुळे दादरला पोचली, त्या लुईस ॲडिस. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात त्या काम करायच्या. भौतिकशास्त्रात छापून येण्याआधीच निबंधाच्या प्रती एकमेकांना पोस्टाने पाठवायची रीत होती, त्यांना प्रीप्रिंट म्हणतात. नियतकालिकात यायला महिनोन्महिने लागायचे, तोवर कोण थांबणार? स्लॅकच्या ग्रंथालयाने हे प्रीप्रिंट नोंदवायला, त्यांची साप्ताहिक यादी काढायला साठच्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली, आणि १९७४ पासून ती सूची स्पायर्स या डेटाबेसमध्ये कॉम्प्युटरवर होती. लाखो नोंदी. नोंदी करणारी माणसं ग्रंथालयातली, वर्षानुवर्षं चिकाटीने बसून काम करणारी. बाहेरच्या शास्त्रज्ञांना ईमेलने प्रश्न पाठवून उत्तर मागवता यायचं, पण त्यासाठी प्रश्नाची ठरावीक भाषा शिकावी लागायची.

सप्टेंबर १९९१ मध्ये स्लॅकचे पॉल कुंझ सर्नला गेले असताना बर्नर्स-लींनी त्यांना वेब दाखवलं. मेनफ्रेमवरच्या सूचीला वेबवरून प्रश्न विचारता येतो, हे बघून कुंझ यांना स्पायर्स आठवलं. परत आल्यावर त्यांनी ते ॲडिस यांना दाखवलं. ॲडिस यांना ते लगेच कळलं. कुणाला कळणार होतं त्यांच्याइतकं? त्यांनी पाठपुरावा केला, आणि १२ डिसेंबर १९९१ रोजी स्लॅकचा वेब सर्व्हर सुरू झाला. युरोपबाहेरचा पहिला. त्या सर्व्हरवर रंगीत काही नव्हतं. होती ती ग्रंथालयाची सूची. पण जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना वेब वापरण्याचं पहिलं सबळ कारण तिने दिलं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या पाच नियमांतला चौथा नियम सांगतो: वाचकाचा वेळ वाचवा. १९३१ साली लिहिलेलं हे वाक्य आम्ही ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत पाठ करून लिहितो. पोलरमन यांची डिरेक्टरी आणि ॲडिस यांची सूची, दोन्ही त्या नियमाची उदाहरणं म्हणून मी शिकवते.

नंतरचं बहुतेकांना माहीत असतं. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रिसन आणि एरिक बिना यांनी मोझॅक आणला, मजकुराच्या शेजारी चित्रं दिसायला लागली, आणि गर्दी उसळली. त्याआधी बर्कलेच्या पेई-युआन वेई यांचा व्हायोला होता, फिनलंडच्या विद्यार्थ्यांचा एरवाइज होता. त्यांची नावंही घेतली जावीत. पण मोझॅकपेक्षा त्याच वर्षातली दुसरी एक तारीख मला मोठी वाटते. मिनेसोटा विद्यापीठाचा गोफर हा तेव्हा वेबचा प्रतिस्पर्धी होता. मेनूतून मेनूत जायचं, अगदी शिस्तीचं काम, आणि ग्रंथालयांना तो फार आवडायचा. १९९३च्या सुरुवातीला विद्यापीठाने गोफरच्या सर्व्हरसाठी काही वापरकर्त्यांकडून शुल्क घेण्याचं जाहीर केलं. लोक बिचकले. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने दोन पानी कागदावर सही करून वेबचा सगळा कोड सार्वजनिक करून टाकला: कुणीही वापरा, बदला, वाटा, पैसे नकोत. बर्नर्स-ली आणि कायो त्यासाठी कित्येक महिने सर्नच्या कार्यालयांत खेटे घालत होते. त्या कागदाची प्रत मी ग्रंथालयाच्या फलकावर लावलीय.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, रंगनाथनांची जयंती. त्या आठवड्यात आम्ही दरवर्षी छोटं प्रदर्शन मांडतो. यंदाचा विषय हाच. जुन्या कार्डांचा खण काढून ठेवणार आहोत, त्याच्या शेजारी एक कॉम्प्युटर. सर्नने २०१३ साली पेलोंचा लाइन मोड ब्राऊझर आजच्या ब्राऊझरमध्ये चालेल असा पुन्हा उभा केलाय, तो त्यावर उघडलेला असेल. आकडा टाकायचा, एंटर दाबायचं आणि वेबची सुरुवातीची पानं वाचायची. कॉलेजबाहेरच्या वाचकांनाही त्या आठवड्यात प्रवेश आहे, देवघेव काउंटरवर माझं नाव सांगा. आणि घरी जुनं शेल अकाउंटचं माहितीपत्रक किंवा फॉर्मची पावती कुणी जपून ठेवली असेल तर ती प्रदर्शनापुरती द्याल का? काचेखाली ठेवू, परत करू, रीतसर पोचपावती देऊ.